भुतरामहट्टीचं प्राणीसंग्रहालय, काका आणि घटसर्प

रविवारी पोरांना घेऊन बेळगावजवळच्या भुतरामहट्टीला, तिथलं प्राणीसंग्रहालय बघायला जाऊन आलो. काकतीवरून हायवेनं पुढं गेलं की युनिव्हर्सिटीच्या बाजूलाच हाय, झाडी चांगली हाय, उन्हातसुद्धा फिरायला त्रास होत नाही. पूर्वी ते नुसतं निसर्गधाम होतं, 2021 मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्टा प्राणीसंग्रहालयातनं सिंह आणले तेव्हापासून गर्दी वाढली. पोरांना तर सिंहच बघायचा होता, तो दिसला पण झोपलेला, उठायचं नाव नाही, सो त्याच्याबद्दल काय लिहू.

आमचे काका मात्र काळविटांच्या कुंपणाजवळ जे थांबले ते हलेनात. त्यांच्याकडं म्हशी आहेत. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये इथले 31 काळवीट थोड्याच दिवसांत मेले, पेपरात आलं होतं सगळीकडं, कारण निघालं घटसर्प, म्हणजे गुराढोरांना होतो तो जिवाणूंचा रोग. काकांचा सरळ प्रश्न, "आम्ही पावसाळ्याच्या आधी म्हशींना लस टोचून घेतो की रे, मग ह्यास्नी का नाही टोचत?"

प्रश्न बरोबरच हाय पण म्हैस दाव्याला बांधून टोचता येतीय, काळवीट माणूस जवळ आला तरी उधळतंय आणि पकडायला गेलं की भीतीनं, धावपळीनं त्याचे स्नायूच निकामी होतात, कधीकधी त्यातच मरतंय. म्हणजे वाचवायला जावं तर तो पण धोकाच. आणि ह्या रोगात जनावर आजारी दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतोय, हे काकांनीच सांगितलं, त्यांच्या शेजाऱ्याची म्हैस सकाळी वैरण खाल्ली नाही आणि दुसऱ्या दिवशी गेली.

मला तिथं उभं राहून गीरचे सिंह आठवले. 2025 च्या गणतीत 891 भरले, आकडा ऐकायला झकास, पण रानातले सगळेच्या सगळे सौराष्ट्रात. 2018 मध्ये तिथं डिस्टेंपर पसरला, कुत्र्यांचा रोग, वीसच्या वर सिंह गेले. काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला न्या म्हणून सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच सांगितलं होतं, सिंह काय गेले नाहीत, 2022 मध्ये तिथं चित्ते येऊन बसले! वेगवेगळ्या गावच्या प्राणीसंग्रहालयांत थोडे थोडे प्राणी ठेवून त्यांची पैदास करतात त्याचं हेच तर कारण, एकीकडं साथ आली तर दुसरीकडं वंश राहतोय. पिकनिक वगैरे सगळं नंतर.

पण काही जनावरं पिंजऱ्यात ठेवून जमतच नाही. आपल्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत, तिथं राटनचं वटवाघूळ राहतंय. कितीतरी वर्षं जगात ते फक्त तिथंच माहीत होतं, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. त्याला वाचवायचं म्हणजे ती गुहा आणि भोवतालचं रान तसंच ठेवायचं, दुसरं काय करता येत नाही. भीमगड 2011 मध्ये अभयारण्य झालं ते त्यासाठी पण बरंच झालं.

परत येताना गाडीत भाच्याला हे सगळं सांगितलं तर म्हणतोय, "मामा, मग पुढच्या रविवारी वटवाघूळ बघूया की." म्हटलं तिथं असंच जाता येत नाही रे, फॉरेस्टची परवानगी लागते, आणि आपण नाही गेलो तर वटवाघळांचं काय बिघडत नाही. तर काका मागून, "त्यापेक्षा गावाकडं चला, म्हशी बघा."