ईएसआर बारा, तरी सुई चालूच

‘एएसओ पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट हातात पडला की आई-बापांचा चेहरा उतरतो. “म्हणजे पोराचा व्हॉल्व्ह गेला का ताई?” शिरोळ तालुक्यातल्या आमच्या छोट्या लॅबमध्ये हा प्रश्न मी कायम ऐकते. घसा बिघडवणाऱ्या एका जंतूनंतर काही पोरांना रुमॅटिक फीव्हर होतो आणि त्यात हृदयाची झडप, म्हणजे व्हॉल्व्ह, खराब होऊ शकते; भीती त्याची. रिपोर्टचा अर्थ सांगणं डॉक्टरांचं काम, पण डॉक्टरांची पाळी येईपर्यंत माणसं माझ्याच टेबलापाशी उभी असतात.

एएसओ या रक्ततपासणीवरून एवढंच कळतं की घशात तो जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, येऊन गेला आणि शरीराने त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार केली. आकडा तीन ते सहा आठवड्यांत सगळ्यात वर जातो आणि पुढे कित्येक महिने रेंगाळतो. शाळेत जाणाऱ्या धडधाकट पोरांतही तो 200 च्या वर सापडतो. ‘उतरला का बघू’ म्हणून दर महिन्याला तपासून घेण्यात फायदा फक्त लॅबचा. लॅबवालीच सांगतेय, तेव्हा विश्वास ठेवा.

दाह चालू आहे का, हे सांगतात ईएसआर आणि सीआरपी या दोन रक्ततपासण्या. ईएसआर तर किती साधा! गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं रक्त वेस्टरग्रेनच्या उभट नळीत भरायचं, नळी सरळ उभी करायची आणि तासाभराने लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. दाहात रक्तातलं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं, पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. पण नळी जरा कलली, टेबल सेंट्रिफ्यूजने, म्हणजे रक्त गरगर फिरवणाऱ्या यंत्राने, हादरत असलं, तर आकडा फुगतो. अंगात रक्त कमी असलं तरी फुगतो, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या पोरींचं हिमोग्लोबिन कितीदा आठ-नऊच असतं. उलट हृदय थकून पायांवर सूज आली असेल तर ईएसआर फसवा, कमीही येऊ शकतो. म्हणून सोबत सीआरपी हवा. तो म्हणजे यकृतात बनणारं एक प्रथिन; काही तासांत चढतो आणि दाह ओसरला की लगेच उतरतो. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांना तो न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडला.

रुमॅटिक फीव्हर ओळखायच्या जोन्स निकषांत हे दोन्ही आहेत, पण दुय्यम म्हणून. 2015 च्या सुधारणेत, आजार कमी असलेल्या भागांसाठी ईएसआरची मर्यादा 60 ठेवली, तर आजार जास्त असलेल्या आपल्यासारख्या भागांसाठी 30.

गेल्या सीझनला बीडकडच्या एका टोळीतली मुलगी आली होती. आधी गुडघा सुजला, तो उतरला तोवर घोटा. ईएसआर नव्वदीच्या पुढे, सीआरपी पॉझिटिव्ह. कोल्हापुरात इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप गळत होती. औषधं झाल्यावर पुन्हा रक्त दिलं तेव्हा ईएसआर बारा. बाप खूश. म्हणाला, “ताई, रिपोट चांगला आलाय ना, मग आता सुया कशाला टोचायच्या पोरीला?”

प्रश्न चुकीचा नव्हता. पेनिसिलिनची ती सुई दुखतेही फार. पण ईएसआर बारा म्हणजे आज दाह नाही, इतकंच. झडपेवर पडलेला व्रण रक्तात दिसत नाही, तो इकोत दिसतो. दर 21 दिवसांची सुई आहे ती पुढचा घसा बिघडू नये म्हणून, कारण प्रत्येक नव्या हल्ल्यात तीच झडप आणखी खराब होते. झडपेला इजा झाली असेल तर सुई किमान दहा वर्षं, बऱ्याचदा चाळिशीपर्यंत. मी त्याला मुकादमासमोरच सांगितलं, म्हणजे टोळी फड बदलेल तेव्हा तारीख चुकायला नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते गावी परततात, म्हणून चिठ्ठीही दिली, तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवायला.

अशाच पोरी तिशीत दम लागतो म्हणून येतात, झडप आक्रसलेली, आणि ईएसआर, सीआरपी बहुतेक वेळा अगदी नॉर्मल.

मात्र झडप खराब असलेल्या किंवा बदललेल्या माणसाला ताप आला, तो हटेना आणि सीआरपी उसळला, तर झडपेवर जंतू बसल्याची शंका घ्यावी लागते. नुसत्या सीआरपीवर ते ठरत नाही. अँटिबायोटिकच्या आधी, वेगवेगळ्या ठिकाणी टोचून, ब्लड कल्चरच्या, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या, बाटल्या भराव्या लागतात. आमच्याकडे माणसं येतात ती मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांचा अर्धा कोर्स संपवून. मग बाटलीत बऱ्याचदा काही वाढत नाही आणि कोणत्या जंतूवर औषध द्यायचं, हे डॉक्टरांना अंदाजाने ठरवावं लागतं.