३९ दातांची मिजास

सायकल सेकंडहँड घेतली तेव्हा विकणारा पोरगा म्हणाला, "काका, रेसिंगचा सेट आहे." पुढे ५३ आणि ३९ दातांची चक्रं, मागे कॅसेटमधलं, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांच्या जुडग्यातलं, सगळ्यात मोठं चक्र २५चं. मला त्यातला 'रेसिंग' एवढाच शब्द ऐकू आला. खडकवासल्यापर्यंत तो खराही वाटला. पुढे गोळेवाडीचा नाका गेला आणि सिंहगडाचा घाट लागला.

हिशेब सोपा आहे, फक्त तो पायथ्याशीच करायला हवा होता. ३९ला २५, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वातीन मीटर पुढे जाते. सपाटीला ही चैन. चढावर माझा वेग ताशी सातच्या आसपास, म्हणजे मिनिटाला जेमतेम ३६ फेरे. प्रत्येक फेऱ्यात एक क्षण असा येतो, की एक पाय वर, एक खाली, जोर कुठेच लागत नाही आणि सायकल विचारते, "पडू का?" तीन-तीन पायऱ्या गाळून जिना चढायचा हट्टच तो. छाती अजून शाबूत असते, गुडघे मात्र आधीच बोलू लागतात.

सीटवरून उठलो, हँडल ओढलं, नागमोडी चालवून पाहिलं. मागून जीप आली आणि तेही थांबलं. दरी कुठल्या बाजूला आहे, हेसुद्धा मला सांगता आलं नसतं. दिसत होतं ते पुढच्या चाकापुढचं हातभर डांबर.

टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत १९१० साली पिरेनीजचे घाट आले आणि डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रणेला, परवानगी मिळाली १९३७मध्ये. तोवर तिथले मातब्बर चढ आला की खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण त्या बाजूला जास्त दातांचं, म्हणजे चढाला हलकं चक्र असायचं. म्हणजे उतरण्यात कमीपणा त्यांनाही नव्हता. हे मला आठवलं ते अर्थात उतरल्यावर.

बुटांच्या क्लीट्स (पायडलला अडकणाऱ्या तळाच्या पट्ट्या) टकटक वाजवत सायकल ढकलत निघालो. वळणावर दह्याची मडकी मांडून एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी मला, मग सायकलला नीट पाहिलं. "चालवायला आणलीय का फिरवायला?"

दोन मडकी दही खाल्लं. एक भुकेपोटी, दुसरं उत्तर सुचेपर्यंत वेळ काढायला.

सोमवारी मेकॅनिककडे गेलो. म्हटलं, मागे ३४चं टाक. तो डिरेलरकडे बघून हसला. "याचा पिंजरा छोटा आहे, २८च्या पुढे जाणार नाही. मोठं हवं तर डिरेलर बदला, चेनही लांब लागेल." खर्च ऐकून २८वर समाधान मानलं. तीन दात वाढले. मावशींचं वळण ओलांडून पुढच्या वळणापर्यंत तरी जाईन, असा अंदाज आहे.