तुम्ही विचारलंत म्हणून: सारखा कोबी आणि पाला, कंटाळा नाही का येत?

ऑफिसात डबा उघडला की हा प्रश्न ठरलेला, आणि सोसायटीतल्या बायकाही लिफ्टमध्ये पिशवीत डोकावून तेच विचारतात, की अगं सारखा कोबी नाहीतर कसली तरी जुडी, कंटाळा येत नाही का, आणि घरातले खातात कसे? तर विचारलंत म्हणून सांगते. कंटाळा मलाही येतो, पण तो त्या एका भाजीचा, जी चणाडाळ घालून, पाण्याचा हबका मारून, वर झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजवत ठेवतात आणि मग म्हणतात कोबीला वास येतो. येणारच ना! कोबीत गंधक असतं, आणि झाकणाखाली तो जरा जास्त शिजला की तेच नाकात जातं.

माझं म्हणणं इतकंच की कोबीला एकतर चार-पाच मिनिटं द्या नाहीतर सरळ तासभर द्या, अध्येमध्ये सोडू नका. जगात जिथे जिथे कोबी चांगला करतात तिथे बहुतेक हेच चालतं.

झटपटवाल्यात आपल्या शेजारचा गुजराती संभारो आहेच, गाठियाबरोबर मिळतो तो, राई-हिरवी मिरची-हळद आणि कोबी कढईत जेमतेम परतलेला. पण माझा आवडता म्हणजे चीनमधला हाताने फाडलेला कोबी. सुरी वापरायची नाही, पानं हाताने फाडायची, जाड शिरा बाजूला काढायच्या (त्या आमटीत टाका), आणि पानं अगदी कोरडी पाहिजेत, ओली राहिली तर ती परतली जात नाहीत, उकडतात. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवायची, तेलात सुक्या मिरच्या, लसूण आणि त्यांच्याकडचं सिचुआन मिरं. ते कुठे शोधत बसू नका, आपलं तिरफळ त्याचंच भावंड आहे, तेच दोन-तीन घ्या, आतली काळी बी काढून टाका आणि नुसतं साल ठेचा. जे तिरफळ बांगड्यात जातं ते कोबीत काय करतं ते एकदा बघाच, ओठांना मस्त झिणझिण्या येतात. मग कोबी, मोठी आच, शेवटी सोया सॉस आणि व्हिनेगर कढईच्या कडेने सोडायचं, झालं. आपल्या गॅसची आच हॉटेलएवढी नसते म्हणून अर्धा गड्डाच घ्या एका वेळी, सगळा एकदम कोंबलात की पाणी सुटतं आणि परत तीच आपली वासाची भाजी.

मुलं कोबी खात नाहीत म्हणणाऱ्यांचं मला हसूच येतं. गाडीवरचं व्हेज मंच्युरियन काय असतं हो? किसलेला कोबी आणि कॉर्नफ्लोअर! चिकन मंच्युरियन 1975 मध्ये इथेच मुंबईत क्रिकेट क्लबमध्ये नेल्सन वाँग यांनी काढलं असं सांगतात, पण व्हेजवाल्यात सगळी मेहनत कोबीची आहे आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

आता घरातल्यांना खायला कसं लावायचं, तर ही युक्ती माझी नाही, इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकची आहे. 1768 मध्ये निघालेल्या एंडेव्हर जहाजावर त्याने खारवून आंबवलेला कोबी भरला होता, जर्मन लोक ज्याला सावरक्राउट म्हणतात तो, स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्याने खलाशांना होणारा आजार, होऊ नये म्हणून. खलाशी तोंड लावेनात. त्याने जबरदस्ती केली नाही, फक्त अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावला आणि बाकीच्यांना सांगितलं, हवा तर घ्या. आठवड्याभरात मोजून द्यायची वेळ आली! आमच्याकडे पहिल्यांदा बाबांच्या ताटात वाढते, मुलांना विचारतसुद्धा नाही, पाचव्या मिनिटाला "मला का नाही" सुरू.

हा कोबी घरी करायला काही लागत नाही, बारीक चिरलेला एक किलो कोबी आणि वीस ग्रॅम मीठ, पण मीठ वजन करूनच घ्या, अंदाजाने नको. चांगला चोळायचा, हाताखाली पाणी सुटतं, मग काचेच्या बरणीत दाबून भरायचा म्हणजे कोबी त्याच्याच पाण्यात बुडालेला राहील, वर वाटीचं वजन, झाकण सैल. तिकडे थंड तळघरात कित्येक आठवडे ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशीच छान आंबट होतो, मग लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर मऊ पडतो. वरणभाताबरोबर लोणच्याऐवजी घ्या.

तासभरवाल्यात इथिओपियाचा गोमेन. कांदा, आलं, लसूण, मिरची आणि पाला, मंद आचेवर मऊ होईपर्यंत. वरून त्यांचं मसाला घालून कढवलेलं तूप, आपण तूप कढवताना त्यात आलं, वेलदोडा, हळद आणि थोडे मेथीदाणे टाकून गाळलं की जवळपास तसंच होतं. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवारी-शुक्रवारी उपास असतात आणि उपासाला दूध-तूपही चालत नाही, मग तेलातला हाच पाला आणि डाळी. म्हणजे उपास करून माणूस हलका होतो, आपल्यासारखा साबुदाणा खाऊन झोपत नाही.

त्यांचा पाला इथे मिळत नाही, पण नवलकोलचा मिळतो. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, ब्रोकोली आणि ते महागडं केल, सगळी मुळात एकाच जातीची झाडं. आणि नवलकोलची पानं भाजीवाला तुमच्यासमोर मोडून टोपलीखाली टाकतो! मागून घ्या. कोवळी पानं एकावर एक ठेवून अळूवडीसारखी घट्ट गुंडाळायची, दोऱ्याएवढी बारीक चिरायची आणि लसणीच्या फोडणीत दोन मिनिटं, ब्राझीलमध्ये राजम्यासारख्या काळ्या घेवड्याबरोबर हेच वाढतात. मुळ्याचा पाला पास्त्यात जातो, पास्ता उकळतोय त्याच पाण्यात शेवटी टाका, नंतर लसूण-लाल मिरचीच्या तेलात दोन्ही एकत्र. इटलीत खाली दक्षिणेला असाच कडसर पाला घालून करतात.

राहिला शेपू. त्याच्यासाठी इराणचा भात आहे, बासमतीत भरपूर शेपू आणि घेवड्यासारखे मोठे हिरवे दाणे. मी त्यात सोललेल्या डाळिंब्या घालते आणि शेपू न खाणारे दोनदा घेतात. सासूबाई मात्र शेपूला मूगडाळच घालतात, वर लसूण जरा करपवतात, आणि ती भाजी घरात कुणी बदलायची नाही, मी तर नाहीच नाही.