सुलभ हप्ते आणि पुराची रेघ

टिळक चौकाच्या अलीकडं एका बोळात एक भिंत आहे. तिच्यावर कैक वर्षांपूर्वी रंगवलेली जाहिरात, फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, खाली लाल अक्षरात 'सुलभ हप्ते, ० टक्के व्याज'. आणि बरोब्बर 'सुलभ'च्या डोक्यावरून कुणीतरी काळ्या ऑइल पेंटनं आडवी रेघ ओढलीय, शेजारी लिहिलंय 'पूर २०१९'. बास, एवढंच.

सांगलीत अशा रेघा पुष्कळ आहेत, त्यात विशेष काही नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४५ फूट म्हणजे धोका पातळी, त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. पण खरं सांगू का, पूर ओसरल्यावर जे बघितलं ते जास्त लक्षात राहिलंय. प्रत्येक घरापुढं ढीग. फुगलेल्या गाद्या, सोफे, चिखलानं भरलेले फ्रीज, प्लायवूडची कपाटं तर पापडासारखी सुटलेली, आणि माणसं पण आपलाच ढीग सोडून शेजारच्यांचा बघत होती, अय्या यांच्याकडं दोन टीव्ही होते होय! आमचं वॉशिंग मशीन पण त्यातच. त्याचे सात हप्ते राहिले होते. मशीन महापालिकेच्या ट्रॉलीतून गेलं आणि हप्ता आपला पाच तारखेला बरोबर कापला जायचा, तारीख चुकली नाही बिचाऱ्याची. तेव्हापासून त्या बोळातनं जाताना ती रेघ बघितली की मला हसू पण येतं आणि जरा पोटात पण तुटतं.

भाच्याला फोटो पाठवला तर म्हणतो, मामा ही तर बँक्सी लेव्हल आहे. तो आर्ट स्कूलला आहे, त्याला सगळीकडं बँक्सी दिसतो. बँक्सी म्हणजे खरं नाव लपवून भिंतींवर चित्रं काढणारा इंग्लंडचा कलाकार. पण त्या माणसाच्या गोष्टी भारी आहेत हां. २०१३ साली त्यानं न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात फुटपाथवर साधा स्टॉल लावला, स्वतःची अस्सल चित्रं, ६० डॉलरला एक, स्टॉलवर नाव नाही गाव नाही. दिवसभरात गल्ला ४२० डॉलर. त्यात एका बाईनं घासाघीस करून निम्म्या भावात दोन नेली, मला तर ती बाई गणपती पेठेतलीच वाटते. मग २०१८ ला लंडनच्या लिलावात त्याचं चित्र १० लाख पौंडांच्या वर गेलं आणि हातोडा पडल्या पडल्या फ्रेममधल्या यंत्रानं अर्धं फाडलं. म्हणजे बाजाराच्या तोंडात चांगली थोबाडीत दिली म्हणायची. तर २०२१ ला तेच फाटकं चित्र १ कोटी ८५ लाख पौंडांना विकलं. थोबाडीत मारली तर बाजारानं तिचीपण पावती फाडली!

आमच्या रेघेला असलं गिऱ्हाईक नाही. उलट मागच्या वर्षी त्या घरमालकांनी घर विकायला काढलं आणि पहिली रेघ पुसायला घेतली, कारण बघायला येणारा माणूस आधी रेघ बघतो, मग हॉल बघतो. काम मिळालं आमच्या ओळखीच्या पेंटरकाकांना. फ्लेक्स यायच्या आधी निम्म्या सांगलीच्या भिंती त्यांनी रंगवल्यात, निळीत बुडवलेली दोरी ताणून सरळ रेषा मारायचे आणि त्यावर अशी अक्षरं पाडायचे की बघत राहावं. ही फ्रीजची जाहिरात पण त्यांचीच. रेघ मात्र त्यांची नाही, ती कुणाची ते कुणालाच माहीत नाही.

मालकांना स्वस्तात काम पाहिजे होतं म्हणून काकांनी नुसता चुना मारला. जाहिरात गेली, रेघ गेली, भिंत कशी पांढरी स्वच्छ. मग पाऊस लागला. परवा गेलो तर चुन्याचे पोपडे सुटलेत आणि 'सुलभ'वरची रेघ परत वर आलीय, आधीपेक्षा काळीभोर. काकांना म्हणलं, हे काय हो?

"चुना ऑइल पेंटला धरत नाही," काका भडंगाचा बकणा भरत म्हणाले. "मी सांगितलेलं त्यास्नी."

दिवाळीआधी परत बोलावलंय त्यांना.