खाकी कव्हरातली फाइल

ऑफिसातली दुपारची सुस्ती मोडायला एक वाक्य पुरतं: ‘माझ्याकडे अपलोड होतंय, त्यांच्याकडे होत नाही.’ सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला साधा मजकूर) तीच, नाव तेच. एका मशीनवर ब्राउझर तिचा प्रकार (टाइप) ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ सांगतो, दुसऱ्यावर ‘अ‍ॅप्लिकेशन/व्हीएनडी.एमएस-एक्सेल’, म्हणजे एक्सेलची फाइल; आणि ‘टेक्स्ट/सीएसव्ही’च हवं म्हणणारी साइट ती परत पाठवते.

शाळेत जूनमध्ये पुस्तकांना खाकी कव्हरं चढायची, वर लेबल: नाव, इयत्ता, तुकडी, विषय. भूगोलाच्या कव्हरात गोष्टीचं पुस्तक घालून मागच्या बाकावर वाचणारं कुणीतरी प्रत्येक वर्गात असायचंच. बाई लेबल बघून पुढे गेल्या की सुटलो.

आपण फाइल निवडतो तेव्हा ब्राउझरही लेबलच बघतो. आतला एकही बाइट न वाचता नावातल्या शेवटच्या टिंबापुढचं (एक्स्टेन्शन) वाचायचं आणि कुठल्या एक्स्टेन्शनचा कुठला टाइप या यादीत शोधायचं. फोटोच्या नावातलं ‘जेपीजी’ खोडून ‘पीएनजी’ लिहा, कोडमधलं ‘फाइल.टाइप’ बिनदिक्कत ‘इमेज/पीएनजी’ सांगेल. यादीत नसलेलं एक्स्टेन्शन आलं की रिकामी स्ट्रिंग, म्हणजे कोरं लेबल.

क्रोम आधी स्वतःची छोटी यादी बघतो, मग ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, मग स्वतःची दुसरी यादी. घोळ त्या मधल्या पायरीवर. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या वहीत) ‘.सीएसव्ही’समोर काय लिहायचं हे एक्सेल ठरवतं, आणि एक्सेल तिथे स्वतःचंच नाव घालतं. २००५ सालच्या आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या दस्तऐवजात ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ असं स्वच्छ लिहिलेलं असूनही! शेवटी क्रोमने सीएसव्ही थेट पहिल्या यादीत टाकली आणि तिच्यापुरतं विंडोजला विचारणंच सोडलं; बाकीच्या ब्राउझरांत आणि जुन्या क्रोममध्ये घोळ उरतोच.

गंमत म्हणजे हाच ब्राउझर सर्व्हरकडून आलेल्या फाइलचा वास घेतो. लेबल नसलं की पहिले १४४५ बाइट हुंगून प्रकार ठरवायचा, असं प्रमाणच आहे. परक्याची झडती, घरच्याला नुसती ओळख पुरे.

म्हणून निवडलेल्या फाइलचे पहिले आठ बाइट ‘स्लाइस’ने (फाइलचा तुकडा कापून देणाऱ्या फंक्शनने) काढून आपणच बघावेत. पीएनजीचे १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. ही सही फार विचारपूर्वक केलेली: १३७ मुळे बाइटचे आठातले सातच बिट पुढे नेणाऱ्या वाटेने आलेली फाइल पकडली जाते, १३-१० आणि शेवटच्या १० मुळे वाटेत ओळींचे शेवट बदलणारा पकडला जातो. जेपीईजी २५५, २१६, २५५ ने सुरू होते. वर्डची डॉक्स उघडली तर ‘पीके’ निघतं, कारण ती मुळात झिप. हे सगळं सर्व्हरवर पुन्हा तपासायचंच; अपलोडसोबत कुणीही काहीही टाइप लिहून पाठवू शकतो.

सीएसव्हीला मात्र सहीच नाही. ‘टाइप’ आणि एक्स्टेन्शन दोन्ही स्वीकारायचं आणि दोन-चार ओळी वाचून रकाने जुळतात का बघायचं, एवढंच हातात. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून साठवली तर सुरुवातीला २३९, १८७, १९१ येतात, पण ते यूनिकोडचे, सीएसव्हीचे नव्हेत. शिवाय वाचताना काढून टाकले नाहीत तर पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटतात आणि ‘नाव’ हा रकाना सापडेनासा होतो. नुसती ‘सीएसव्ही’ म्हणून साठवली तर शिंदे आणि कुलकर्णी प्रश्नचिन्हांच्या रांगा होऊन येतात.

टाइप मात्र अगदी बरोबर असतो.