विमानाच्या सांध्यातील गंज आणि भेगांचे सिम्युलेशन : माझा अनुभव

एम.टेक.च्या प्रबंधासाठी जुन्या विमानांच्या धडाचा विषय घेतला, तेव्हा वाचनाची सुरुवात अलोहा एअरलाइन्सच्या अपघातापासून झाली. २८ एप्रिल १९८८ रोजी हिलोहून होनोलुलूला निघालेल्या बोइंग ७३७ च्या धडाचा सुमारे साडेपाच मीटर लांबीचा वरचा भाग हवेतच उडून गेला. ८९,६८० उड्डाणे झालेल्या त्या विमानात पत्र्यांच्या सांध्यातला चिकट थर सुटला होता, आत गंज धरला होता आणि रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) भोकांपासून निघालेल्या भेगा एकाच ओळीत वाढल्या होत्या. असाच लॅप जॉइंट, म्हणजे पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून जोडलेला सांधा, संगणकावर उभारायचे मी ठरवले.

गंज दाखवण्याची सोपी रीत म्हणजे पत्र्याची जाडी कमी करणे. पण दहा टक्के जाडी गेली तरी सरासरी ताण जेमतेम अकरा टक्क्यांनी वाढतो, आणि तेवढ्याने भेगांचा उलगडा होत नाही. खरे नुकसान दोन पत्र्यांच्या मध्ये होते. ॲल्युमिनियमच्या गंजाची पांढरी भुकटी मूळ धातूच्या सुमारे साडेसहापट जागा घेते; बंद सांध्यातून तिला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे रिव्हेटांमधला पत्रा उशीसारखा फुगतो. हा दाब मॉडेलमध्ये घातल्यावर, विमान जमिनीवर उभे असतानाही भोकाच्या कडेला मोठा ताण कायम राहतो, हे स्पष्ट दिसले. तो आतल्या, दुसऱ्या पत्र्याला टेकलेल्या बाजूवर सर्वाधिक असल्यामुळे भेग तिथेच सुरू होऊन आतल्या आत लांब पसरते, आणि बाहेरून पाहणाऱ्या तंत्रज्ञाला बराच काळ काहीच दिसत नाही. या कामातली मला सर्वांत गंभीर वाटलेली गोष्ट हीच.

सर्वाधिक वेळ भेगेच्या टोकाशी मेश, म्हणजे मॉडेलला लहान तुकड्यांत विभागणारी जाळी, बांधण्यात गेला. तिथल्या एलिमेंटच्या (जाळीतल्या तुकड्यांच्या) कडांवरचे मधले नोड, म्हणजे बिंदू, टोकापासून पाव अंतरावर सरकवावे लागतात, तरच टोकाकडे ताण हवा तसा चढतो. पॅरिसच्या नियमात (वारंवार पडणाऱ्या भाराखाली भेग किती वेगाने वाढते हे सांगणाऱ्या सूत्रात) भेगेचा वेग ताणतीव्रता गुणांकाच्या, म्हणजे टोकाशी ताण किती तीव्र आहे हे सांगणाऱ्या आकड्याच्या, साधारण तिसऱ्या घातानुसार बदलत असल्याने गुणांकातली पाच टक्क्यांची चूक वेगात सोळा टक्क्यांची होते. म्हणून साध्या पत्र्यातल्या भेगेचे उत्तर न्यूमन-राजू समीकरणांशी (हाच गुणांक काढण्याच्या प्रचलित सूत्रांशी) जुळल्यावरच मी रिव्हेटच्या सांध्याकडे वळलो.

गंजाच्या खड्ड्याच्या बुडाशी जन्मणाऱ्या अगदी लहान भेगा मात्र पॅरिसचा नियम पाळत नाहीत. त्या अपेक्षेपेक्षा वेगाने वाढतात. त्यामुळे अहवालात आयुष्याचा एकच आकडा न देता खड्ड्यांच्या खोलीनुसार किमान आणि कमाल मर्यादा दिल्या, आणि तपासणीचा कालावधी किमान मर्यादेवरूनच ठरवावा, अशी शिफारस केली.