खालनं : निपाणी ते कल्लोळ

निपाणीच्या काकांना कुठलाही रस्ता विचारला की ते दोन सांगतात, "वरनं" आणि "खालनं". वरनं म्हणजे चिक्कोडीचा सरळ डांबरी रस्ता. खालनं म्हणजे नदीकाठानं, गावागावातून, बंधाऱ्यांवरून. पावसाळ्यात खालनं जायचं नाव कुणी काढत नाही. मी जानेवारीत मुद्दाम खालनं गेले, काकांची ॲक्टिव्हा घेऊन.

सुरुवात उलट्या दिशेनं केली. आधी कोल्हापूरच्या बाजूला यमगर्णी, कारण पुणे-बंगळूर हायवे वेदगंगा ओलांडतो तो तिथं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये इथंच पाणी चढून हायवे बंद पडला होता. जानेवारीतली वेदगंगा बघून ते खरं वाटत नाही. नदी पार खाली, हिरवट, जवळजवळ थांबलेली. पण काठच्या बाभळींकडे मान वर करून बघा. शेंड्याला फाटक्या पिशव्या, चिंध्या, एका फांदीला चक्क साडीचा काठ. हे एवढ्या उंच पुरानंच आणून अडकवलेलं.

नदी थांबलेली वाटत होती, कारण खाली ती अडवलेलीच होती. या भागात वेदगंगा आणि दूधगंगेवर ओळीनं कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड. प्रत्येकाला दोन काठांच्या दोन गावांचं नाव. ठरावीक अंतरावर खांब, खांबांना खाचा, खाचांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढ-घाल करता येणाऱ्या फळ्या. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, मृगाच्या आधी काढून नदी मोकळी करायची. माथ्यावरून माणसं, म्हशी, उसाचे ट्रॅक्टर जातात, म्हणजे पूल तोच आणि धरणही तेच. मग पहिल्या मोठ्या पावसात बातमी येते, अमुक बंधारे पाण्याखाली. मला ती वर्षानुवर्षं संकटाची बातमी वाटायची. जत्राटजवळ चहाच्या टपरीवर मामा म्हणाले, "बुडायसाठीच बांधल्यात ती. वरनं पानी जाऊ दिलं न्हाई तर ऱ्हातील व्हय?"

पुढं नुसता ऊस. निपाणी म्हणजे तंबाखू हे माझ्या आईच्या पिढीचं समीकरण. १९८१ साली तंबाखू उत्पादकांनी याच हायवेवर ठाण मांडलं होतं आणि पोलीस गोळीबारात शेतकरी गेले होते. आता नदीकाठानं तंबाखू शोधावा लागतो. उसाला पूर काही दिवस चालतो, हे मला ठाऊक होतं. शेंडा पाण्यावर राहिला तर तो तगतो. शेंडा बुडाला आणि पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ शिरला की कुजलाच. त्यामुळे रानाची उंची इथं फुटात नाही, उसाच्या पेरांत सांगतात.

अक्कोळच्या पुढं एके ठिकाणी वाट चुकले आणि बरं झालं. दोन उसांच्या मधे एक सखल पट्टा, पीक नाही, वर पांढरी साय आल्यासारखी जमीन. क्षारपड. काळी, खोल माती, वरून वर्षानुवर्षं पाटाचं भरपूर पाणी आणि निचऱ्याला उतारच नाही. मग खालचे क्षार पाण्याबरोबर वर येऊन बसतात. पट्ट्याच्या टोकाला डबकं, त्यात पाणकणीस माजलेलं. चार शराटी चिखलात चोची खुपसत होते, दोन वारकरी पोहत होते. (काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा लावलेला पक्षी. नाव ठेवणाऱ्याला दंडवत.) माझ्यासाठी तो दिवसाचा सगळ्यात सुंदर कोपरा होता. शेजारच्या रानातून आलेल्या मावशींनी विचारलं, "कसला फोटू काडतीस त्याचा? आमचं दीड एकर गेलंय त्यात." मी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

भोज दोन नद्यांच्या मधलं गाव. दिगंबर जैन आचार्य शांतिसागर महाराज इथले, त्यामुळे दूरदूरचे श्रावक येतात. गावाजवळच वेदगंगा दूधगंगेला मिळते. एकीचं पाणी पाटगावच्या बाजूचं, दुसरीचं काळम्मावाडी धरणाचं. सह्याद्रीत दोन वेगळ्या खोऱ्यांत पडलेला पाऊस इथं एकाच वेळी पोचला की काय होतं, ते एका घराच्या भिंतीवर दिसलं. ऑइलपेंटच्या तीन रेघा, २००५, २०२१, २०१९. सगळ्यात वरची २०१९ची, माझ्या डोक्याच्याही वर. तिच्याखाली खुंटीला दप्तर लटकत होतं.

निपाणीपासून इथवरचं सगळं कर्नाटक; मलिकवाडला बंधारा ओलांडला की पलीकडं दत्तवाड, म्हणजे महाराष्ट्र. दोन राज्यांच्या सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७च्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं होतं, ते राहिलंच. बंधाऱ्यावर मात्र दोन्हीकडून वैरणीचे भारे येत-जात होते आणि भांडण एकच ऐकलं, आधी सायकल की आधी ट्रॅक्टर.

कल्लोळला पोचेस्तोवर ऊन कलतं झालं. इथं दूधगंगा कृष्णेला मिळते आणि पलीकडं येडूर, वीरभद्राच्या देवळाचं. कृष्णा इथं इतकी रुंद आणि सपाट की वाहते कुठल्या दिशेला तेच कळेना. पुढं हिप्परगीचा बंधारा, मग कर्नाटकातलंच आलमट्टी धरण. आलमट्टीत पाणी साठवायची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करण्याचा, म्हणजे मागं पूर वाढायच्या भीतीचा वाद सांगली-कोल्हापुरात जेवढा तापतो, तेवढाच इथल्या पारावरही. फक्त इथल्या माणसाला धरण आपल्या राज्याचं आणि पूरही आपल्याच दारात, त्यामुळे बोलताना तो जरा आवाज उतरवतो.

बंधाऱ्यावर गाडी घालणार तेवढ्यात काकांचा फोन. "कुठं पोचलीस?"

"कल्लोळ. आता येडूरला जाऊन दर्शन घेते."

"आणि येताना?"

"खालनंच."

"अंधार पडतोय. वरनं ये."